पंडुमाआधीचा आंबा

आमच्या फिल्मा बघायला कोणी येत नसे. लोक त्या संपायची वाट बघायला येत. पन्नासच्या दशकात मी सरकारच्या फिल्म खात्यात होतो. मोठा सिनेमा सुरू होण्याआधी आमची दहा मिनिटांची फिल्म लावणं थेटरवाल्यांना सक्तीचं होतं, ती बघणं मात्र कोणालाच सक्तीचं नव्हतं. तेवढ्या वेळात लोक विड्या ओढून घेत, पोरांना बाहेर नेऊन आणत, अंधारात आपली खुर्ची शोधताना दुसऱ्याच्या पायावर पाय देत. मी कितीदा तरी मागच्या रांगेत बसून हे बघितलं आहे. पडद्यावर मी महिनाभर चिखलात उभं राहून टिपलेल्या बाया भात लावत असायच्या आणि शेजारचा माणूस मला विचारायचा, "झालं का हो हे, की अजून आहे?" मी म्हणायचो, "होईल आता." खोटं कशाला सांगू, त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटायची.

ओळखीतल्यांना मात्र माझा हेवा. सरकारी खर्चाने देश बघतोय, मजा आहे बुवा! देश बघितला, नाही म्हणत नाही. धरणं बघितली, पूल बघितले, देवीची लस टोचून घेताना भोकाड पसरणारी चार प्रांतांतली पोरं बघितली. पण एका गावात महिना काढायचा, तिथल्या माणसांची तोंडं पाठ करायची आणि मग ती डब्यात भरून निघून यायचं, असं वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं गाव हळूहळू नाहीसं होतं. मी बिनलग्नाचा होतो. आईवडील गेलेले, भाऊ होता पण त्याच्या घरी मी पाहुण्यासारखा जायचो आणि पाहुण्यासारखा निघायचो. दादरला भाड्याची खोली, खाली खानावळ. दौऱ्यावर निघताना खानावळवाल्याला "महिनाभर ताट नको" एवढं सांगितलं की माझा निरोपसमारंभ आटपायचा.

अशात एका वर्षी चांदा जिल्ह्याच्या जंगलातल्या लोकांवर फिल्म करायचं फर्मान निघालं. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. फिल्मचं कथानक मुंबईतच लिहून झालेलं होतं. लिहिणारे गृहस्थ नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा. त्यांच्या कागदावर अकरा कलमं होती. त्यातलं शेवटचं, अकरावं होतं: नव्या आंब्याचा सण, गावाचं सहभोजन. बाजूला लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे हवंच.'

माझ्याबरोबर एक मदतनीस दिला होता. आल्लापल्लीला पोचेपर्यंत त्याला हिवताप भरला, आणि चौथ्या दिवशी मी त्याला लाकडाच्या ट्रकमध्ये बसवून परत पाठवला. तिथून पुढे मी, घड्याळासारखी चावी भरून चालणारा कॅमेरा, फिल्मचे डबे, आणि सोबतीला जंगलखात्याचा एक नाकेदार. हा नाकेदार वडशाकडचा. हिवाळ्यात तिकडे नाटकं लागली की रजा टाकून जायचा आणि उरलेलं वर्ष त्यातले संवाद झाडांना ऐकवायचा. एटापल्लीच्या पुढे बैलगाडीने दोन दिवस आम्ही गेलो, ते सगळे दोन दिवस एका राजाचं मरण चाललं होतं. त्याने मला माडिया लोकांच्या एका पंधरा घरांच्या गावात सोडलं, दुभाषा म्हणून एका म्हाताऱ्याच्या हवाली केलं, आणि आठवड्याला एक चक्कर मारीन म्हणून तो आपल्या नाक्यावर गेला.

म्हातारा माझा घरमालक झाला. तरुणपणी त्याने आल्लापल्लीला लाकडं ओढायचं काम केलं होतं, त्यामुळे मराठी यायची. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी नदीपलीकडे दिलेली. अंगाने काटकुळा, डोळे बारीक आणि सदा काहीतरी खोडी सुचल्यासारखे. तो कोणालाही 'तू'च म्हणायचा, मला, नाकेदाराला, रेंजरलासुद्धा. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. नंतर कळलं की त्यात अपमान नाही आणि मोठेपण देणंही नाही. माणूस समोर आहे, तर तो 'तू'. त्याच्या ओसरीवर मी माझी वळकटी पसरली आणि अंगणात खड्डा खणून फिल्मचे डबे ओल्या वाळूत पुरले, कारण त्या उन्हात फिल्म दुधासारखी नासते.

दहा कलमं तीन आठवड्यांत झाली. मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया, मासे धरायच्या टोपल्या, बांबूचं विणकाम, नाच. लोक कॅमेऱ्याला भीत नसत, त्याच्यात त्यांना फारसा रसही नव्हता. माझ्यात तर त्याहून नाही. मी दिसलो की हसायचे, वाट द्यायचे, पाणी द्यायचे, आणि आपल्या कामाला लागायचे. माझ्याशी बोलायचा तो फक्त म्हातारा. दुपारी तो ओसरीच्या सावलीत टोपली विणत बसायचा आणि मला विचारायचा, "तुही बाई कुठी हाय?" मी म्हणायचो, लग्न नाही केलं. "काऊन?" म्हणजे, का? मी कॅमेऱ्याची काच पुसायला घ्यायचो. दुसऱ्या दिवशी परत, "काऊन?" असा नुसता प्रश्न, कीव नाही, उपदेश नाही. मुंबईत मला इतक्या वेळा कोणी काही विचारल्याचं आठवत नाही.

म्हातारा नकला फार छान करायचा. रेंजर घोड्यावरून उतरताना पोट कसं सावरतो, नाकेदार राजाचं मरण कसं मरतो. एकदा मी नदीवरून परतलो तर अंगणात दहाबारा माणसं जमलेली, आणि मधे म्हातारा एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून, एका लाकडाच्या ओंडक्याला चावी देत होता. मधेच ओंडका खाली ठेवून कपाळावर हात मारायचा आणि आभाळाकडे बघून चिडायचा. तो मीच. ढग आला की मी असाच चिडायचो. लोक हसून हसून लोळत होते. मीही हसलो, आणि आत कुठेतरी बरं वाटलं की आपली नक्कल करण्याइतकं कोणीतरी आपल्याकडे बघितलं आहे.

आता अकरावं कलम. त्या गावात नव्या आंब्याचा सण झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. सणाला ते पंडुम म्हणतात. कैरीत बाठ धरली की गावाचा गायता, म्हणजे त्यांचा भूमीचा पुजारी, दिवस ठरवतो. त्या दिवशी आधी पेन, म्हणजे देव, मग पूर्वज, आणि मग सगळं गाव एका ओळीत बसून एकदम खातं. झाडं लगडलेली असतात, कैऱ्या वाऱ्याने खाली पडतात, तरी कोणी उचलून चाखत नाही. आणि दिवस काही तिथी बघून ठरत नाही. कोणी आजारी असेल, कोणी गावाबाहेर असेल, तर थांबायचं. मी गेलो तेव्हा नदीपलीकडच्या टोल्यावर, म्हणजे गावच्याच वस्तीवर, एक बाई वारली होती. तिचं सगळं आटपेपर्यंत पंडुम नाही.

मी थांबलो. एक आठवडा, दोन आठवडे. काम नसलेला फिल्मवाला म्हणजे गावाला नुसती अडगळ. सकाळी उठायचं, कॅमेऱ्याची काच पुसायची, वाळूवर पाणी मारायचं, आणि मग दिवसभर दुसऱ्यांना आपापल्या कामाला जाताना बघायचं. त्या दिवसांत मला जे एकटं वाटलं तसं मुंबईच्या खोलीत कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान आजूबाजूचे सगळे तितकेच एकटे असतात. इथे प्रत्येकाचं कोणीतरी होतं, कुत्र्यांचंसुद्धा.

मग नाकेदार ऑफिसचं पत्र घेऊन आला. कॅमेरा दुसऱ्या पथकाला हवा आहे, महिनाअखेर हजर व्हा, अकराव्या कलमाशिवाय येऊ नका. दोन्ही एका वाक्यात. मी तसाच गायत्याकडे गेलो. तो जाळं विणत बसला होता. म्हाताऱ्याने माझं म्हणणं सांगितलं: एक दिवस आधी ठरवा, नाहीतर नुसतं करून दाखवा. गायत्याने जाळ्यावरून नजरही उचलली नाही. म्हाताऱ्याने त्याचं उत्तर मला दिलं, "तो म्हणते, दिवस येईन तवा येईन. मी त्याले कसा ओढून आणू?" पी हळद अन् हो गोरी, असं तिथे चालणार नव्हतं.

परत येताना नाकेदार म्हणाला, "साहेब, सोंगच तं करायचं हाय. आमच्या इकडं राजा मरते, अन् पडदा पडला का उठून चहा पेते. म्हाताऱ्यालेच म्हना ना." कल्पना नाकेदाराची होती, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. कल्पना माझीच होती. पत्र वाचलं तेव्हापासून ती माझ्या डोक्यात होती. त्याने फक्त ती बोलून दाखवली. आणि आमच्या धंद्यात ते काही पाप मानत नसत. शेतकऱ्याला परत एकदा नांगरायला लावायचं, नर्सला परत एकदा सुई टोचायला लावायची, हे रोजचं.

मी म्हाताऱ्याला समजावलं. ओढ्यापलीकडे जाऊ, तिथे गावातलं कोणी येत नाही. तुम्ही झाडाखाली आंबा ठेवा, हात जोडा, आणि आंबा नुसता ओठांना लावा. खायचा नाही. बाकी गावाचा नाच माझ्याकडे आहेच, तो मी पुढेमागे जोडीन. त्याने टोपलीची हातातली कड विणून संपवली. मग म्हणाला, "तुले पायजेच हाय?" मी म्हटलं, "पाहिजेच आहे. नाहीतर माझं काम अर्धवट राहील." "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. कोवळं तिरपं ऊन पानांतून खाली उतरत होतं, असा उजेड महिन्यातून एकदा मिळतो. म्हाताऱ्याने आधी ओढ्यात आंघोळ केली. आंघोळीचं मी सांगितलं नव्हतं. मग झाडाखालची जागा हाताने साफ केली, पानावर तांदळाचे दाणे ठेवले, तीन आंबे ठेवले, द्रोणातली मोहाची दारू थेंब थेंब जमिनीवर सोडली. आणि बोलायला लागला. हळू, एका सुरात, समोर कोणी बसलं असावं तसं. मी कॅमेरा लावून होतो. मला आनंद झाला होता. इतकं खरं कोणी आजवर माझ्या भिंगापुढे केलं नव्हतं.

त्याने आंबा उचलला, तोंडाकडे नेला, आणि नेमकी माझी चावी संपली. मी ओरडलो, "थांबा! थांबा!" तो थांबला. आंबा ओठांपासून वीतभर अंतरावर, हात तसाच हवेत. मी चावी भरायला लागलो. चावी भरायला आठदहा सेकंद लागतात. तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत होता. नकला करतानाची ती खोडी त्याच्या डोळ्यांत नव्हती. मला ते दिसलं होतं, दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. बघणं हाच माझा धंदा. "राहू द्या" एवढं म्हणायला एक सेकंदही लागला नसता. मी म्हणालो, "हं, आता."

त्याने आंबा खाल्ला. ओठांना लावून ठेवला नाही, चावून, आंबट तोंड करून, बाठीपर्यंत सगळा खाल्ला. मग हात मांडीला पुसले आणि उठला.

"नुसता लावायचा म्हटलं होतं मी," मी म्हणालो.

"बलावलं ना त्याले. मंग न खाऊन उठलो तं त्याले खोटं पाडलं."

"अहो, पण ते सोंग होतं. तुम्ही रेंजरचं करता तसं."

"रेंजरचं सोंग केलं तं रेंजर आयकत नाई," तो म्हणाला. "पेन आयकते."

मी म्हटलं, जाऊ द्या, कोणाला कळणार नाही. त्यावर तो म्हणाला, "मले कळलं ना," आणि ओढ्यात पाय घालून माझ्यापुढे चालायला लागला. मी डबा बंद करून त्यावर अकराचा आकडा घातला. दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. गाडी निघताना म्हातारा ओसरीवरून उठून आला, माझ्या वळकटीची गाठ ओढून बघितली, सैल होती ती घट्ट बांधून दिली.

फिल्म झाली. पडद्यावर एकटा म्हातारा आंबा खाई, मग तीन आठवडे आधीचा नाच दिसे, आणि निवेदक भरदार आवाजात सांगे की सारं गाव एकत्र बसून नव्या फळाचा आस्वाद घेत आहे. ऑफिसात साहेब म्हणाले, तो म्हातारा काय नट आहे हो! माझी पाठ थोपटली, माझी नोकरी पक्की झाली. थेटरात लोकांनी नेहमीप्रमाणे विड्या ओढल्या. मी मागच्या रांगेत बसून तो आंबा पंधरावीस वेळा तरी बघितला असेन. चावी भरल्याची जागा फक्त मला कळायची. कापून जोडल्यावर हात न थांबता सरळ तोंडात जात होता.

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला मी रजा काढली आणि परत गेलो. कोणी पाठवलं नव्हतं. खरं सांगायचं तर रजेत जायला मला दुसरी जागा नव्हती. तिथे एक माणूस मला बघून ओळखेल आणि "काऊन?" विचारेल, एवढ्या आशेवर मी चारशे कोस गेलो. कॅमेरा नव्हता, एक पिशवी होती, आणि म्हाताऱ्यासाठी एक धोतरजोडी.

एटापल्लीला नाकेदार भेटला. चहा पाजला, मग म्हणाला, "तुमाले मालूम नाई का साहेब? त्या म्हाताऱ्याले पंगतीबाहेर केलं ना."

मी गेल्यावर दहा दिवसांनी पंडुम झाला होता. दहा दिवस! सगळं गाव ओळीत बसलं, गायता फोडी वाटत म्हाताऱ्यापर्यंत आला, आणि म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, मी खाल्ला आहे. कोणी बघितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. आपणहून सांगितलं, आणि उठून बाजूला जाऊन बसला. गावाने ठरवलं: वर्षभर याचं जेवण वेगळं, शिकारीतला वाटा नाही, आणि पुढच्या पंडुमाला याने डुक्कर, भात, दारू देऊन गावाला जेवू घालावं, तेव्हा परत ओळीत घेऊ. "बोलतेत सारे," नाकेदार म्हणाला, "छप्पर शाकारून देल्लं, बिमार पडला तं दवा आनली. पण भात संग नाई. एकटाच रांधून एकटाच खाते."

एकटं रांधून एकटं खाणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण मला त्याची सवय होती. त्याला जन्मात नव्हती. आणि ते त्याच्यावर मी आणलं होतं.

गावात पोचलो तेव्हा पोरांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. कॅमेऱ्याची पेटी नाही म्हटल्यावर त्यांना मी कशासाठी आलो तेच कळेना. म्हातारा अंगणात डुकराला कोंडा घालत होता. वाळला होता. मला बघून हसला आणि म्हणाला, "आला? बाई केली का?" मी म्हटलं, नाही. "काऊन?" मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्याने त्याची चर्चा केली नाही. डुकराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "याले वर्सभर पोसलं. चांगला झाला ना?"

"तुम्ही सांगितलंत कशाला?" मी विचारलं.

"सारे वाट पाहून राह्यले व्हते, भाऊ. पोट्टे, बुढे, सारे. मी त्यायच्यात बसून पयल्यांदा खाल्ल्यावानी तोंड कसं करू?" मग त्याने विचारलं, "तुह्या पेटीत दिसतो मी? खाताना?"

"दिसता."

"अन् पेन?"

"नाही दिसत."

"मंग तुले काय भेटलं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशीच मी त्याला घेऊन गायत्याकडे गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवली होती. मी म्हटलं, चूक माझी आहे. मी खायला लावलं. डुक्कर मी आणतो, भात मी देतो, मला जे सांगाल ते करतो. वर्षभर वेगळं बसवायचं तर मला बसवा, यांना आजच आत घ्या. म्हाताऱ्याने ते सगळं सांगितलं की नाही कोण जाणे, पण बराच वेळ सांगत होता. गायत्याने या वेळी माझ्याकडे नीट पाहिलं. आजूबाजूला पाचसहा जण होते, तेही पाहायला लागले. मग गायता सावकाश काहीतरी बोलला आणि सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं. लहान पोरगं मोठ्यांच्या कामात हात घालायला आलं की हसतात, तसं.

"काय म्हणतात?"

"म्हणते, दंड घरच्या मानसाले असते. पाव्हन्याले कोन दंड करन?"

"पण चूक माझी होती."

म्हाताऱ्याने विचारलं, परत उत्तर सांगितलं. "तुही चूक नाई म्हणते. तुले बंदीच नव्हती तं तू मोडन काय?"

शिव्या दिल्या असत्या, गावातून हाकललं असतं, तर मी ते सोसलं असतं, खरं म्हणजे आनंदाने सोसलं असतं. माफीसुद्धा मिळाली नाही मला. माफी द्यायला आधी गुन्हा धरावा लागतो.

पंडुम पाच दिवसांनी झाला. सकाळपासून गावात गडबड होती. डुक्कर कापलं, मोठ्या हंड्यांत भात शिजला. म्हाताऱ्याने मी आणलेलं धोतर नेसलं होतं, त्याच्या काटक्यांसारख्या पायांवर ते फारच पांढरं दिसत होतं. झाडाखाली गायत्याची पूजा चालू होती आणि ती लांबली. पाहुण्यांसाठी थोड्या अंतरावर एक बाज टाकली होती, तिच्यावर मी एकटाच. ऊन चढलं. पोरं भुकेने चुळबुळत होती, पण टोपल्यांतल्या आंब्यांना कोणी हात लावत नव्हतं.

तेवढ्यात गायता पूजा सोडून उठला. टोपलीतून एक चांगला आंबा निवडला, फडक्याला पुसला, आणि थेट माझ्याकडे आला. माझ्या हातात तो ठेवून काहीतरी म्हणाला. ओळीच्या कडेला, आत घेण्याची वाट बघत उभा असलेला म्हातारा तिथूनच ओरडून मला म्हणाला, "खाऊन घे, भाऊ! उपाशी असशीन म्हणते! आमाले अजून टाइम हाय!"

गायत्याच्या तोंडावर नुसती माया होती. ज्या आंब्याने त्या म्हाताऱ्याला वर्षभर पंगतीबाहेर बसवलं, तसाच हा, पूजेआधीचा. मी खाल्ला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं.

गायता परत गेला. पूजा संपली. म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं, कोणीतरी त्याच्या डोक्यावर तांदूळ टाकले, आणि त्याला ओळीत बसवलं, चौथा. दोन्ही बाजूंच्या माणसांनी सरकून जागा केली. फोडी वाटल्या, सगळ्यांनी एकदम खाल्ल्या, एकदम तोंडं आंबट केली, आणि मोठा गलका झाला. म्हातारा शेजारच्याला काहीतरी सांगून हसवत होता. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्याला त्या वेळी पाहायचं कारणही नव्हतं.

मी माझा आंबा तोवर हातात धरून ठेवला होता. शेवटच्या माणसाने खाल्लेलं बघितलं, आणि मग खाल्ला. मी थांबलो होतो, हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.